शिवांजली अजून आत आहे

१

संध्याकाळचे सात वाजले की सुभेदार नाथाजी निकम अंगणात खुर्ची टाकायचे, चष्मा पुसून नाकावर चढवायचे आणि मोबाइलवर हजेरी घ्यायला बसायचे. फौजेत, सिग्नलमध्ये म्हणजे संदेशवहनाच्या पलटणीत, अठ्ठावीस वर्षं काढलेला माणूस. घरी येऊन सहा वर्षं झाली तरी संध्याकाळची गिनती अंगातून गेली नव्हती. फरक एवढाच की आता जवानांऐवजी मतं मोजायची होती. साताऱ्याच्या कडेला माजी सैनिकांची वसाहत आहे, तिथल्या आणि आसपासच्या गावांतल्या सगळ्यांचा एक ग्रुप होता. त्यावर सुभेदार लिहायचे, "आजचं मत?" आणि खाली भराभर "झालं", "झालं" असे रिपोर्ट यायचे. ज्याचा रिपोर्ट नाही त्याला फोन. एका हवालदाराला त्यांनी सासऱ्याच्या तेराव्याच्या पंगतीतून उठवून मत द्यायला लावलं होतं, आणि त्यात आपलं काही चुकलं असं त्यांना अजिबात वाटलं नव्हतं.

मत होतं शिवांजलीला. ही त्यांची एकुलती एक पोर, वय तेवीस. गोठ्यात, उसाच्या फडात, एसटीच्या रांगेत, जिथं उभी राहील तिथं मोबाइल धरून अस्सल सातारी बोलीत बडबडायची आणि लोक पोट धरून हसायचे. त्यातूनच तिला 'दाराआड' या कार्यक्रमाचं बोलावणं आलं. सांगलीत मार्केट यार्डाच्या मागच्या अंगाला हळदीचं एक जुनं पत्र्याचं गोदाम होतं. ते आतून रंगवून त्यात दहा जणांना कोंडलं होतं. फोन नाही, घड्याळ नाही, खिडकी नाही, आणि कोपऱ्याकोपऱ्यात कॅमेरे. लोकांनी रोज मतं द्यायची. सोमवारी मतं बंद व्हायची, मंगळवारी ज्याला सगळ्यात कमी त्याला बाहेर काढायचे आणि ते टीव्हीवर दाखवायचे पाच दिवसांनी, रविवारी. रोजचा भागसुद्धा असाच पाच दिवस शिळा असायचा. शेवटी जो उरेल तो जिंकला.

चार आठवडे शिवांजली टिकली. पाचव्या आठवड्यातल्या मंगळवारी, दुपारी तीनच्या सुमाराला, काळ्या काचांची पांढरी गाडी दारात येऊन थांबली. दीपमालाबाई, म्हणजे सुभेदारांची मंडळी, अंगणातल्या कुरडया उलटत होत्या. गाडीतून शिवांजली उतरली. तिच्यामागून फाइल घेतलेली एक तरुण बाई उतरली आणि दोघींना जवळजवळ ढकलतच घरात घेऊन आली.

"काका, मी कशिश. कार्यक्रमाकडून आलेय. शिवांजली आज बाहेर पडली. पण रविवारी ते दाखवेपर्यंत कुणालाही कळता कामा नये. शेजारी नाही, नातेवाईक नाहीत. हिनं खिडकीत उभं राहायचं नाही, अंगणात यायचं नाही, फोन घ्यायचा नाही. इथं सही करा."

"आन् आमची मतं?" सुभेदारांनी विचारलं.

"ती रोजच्यासारखी चालू ठेवा. एकदम थांबली तर लोकांना संशय येईल ना."

हे सुभेदारांना पटलं. पोर हरली याचं त्यांना फार वाईट वाटत होतं, सही करताना कागदावरची अक्षरं नीट दिसतही नव्हती. नक्कल मागून घ्यायची मात्र राहून गेली. आयुष्यभर प्रत्येक चिठोऱ्याची नक्कल ठेवणारा माणूस, पण त्या दिवशी राहिली.

२

लपवाछपवी म्हणजे काय असते ते पहिल्या दोन दिवसांतच कळलं. पडदे ओढले. शिवांजलीचे कपडे न्हाणीतच वाळायला लागले. शेजारच्या आबेदाभाभी पीठ मागायला आल्या की शिवांजलीनं मधल्या खोलीत जाऊन बसायचं. ही मधली खोली तिचीच, तिला एकच दार आणि मागच्या भिंतीला वर एक हातभर झरोका. दीपमालाबाईंना रोज तिघांची भाकरी करताना धास्ती वाटायची, कारण आबेदाभाभींना थापण्याचे आवाज मोजायची सवय होती.

पोर मात्र शहाण्यासारखी सगळं ऐकत होती, आणि सुभेदारांना तेच खटकत होतं. ही कधी इतकी ऐकणारी नव्हती. दोन दिवस आंघोळीच्या पाण्याला हळदीचा पिवळा रंग येत होता, ते एक समजण्यासारखं होतं, गोदामच तसलं. पण बोलण्याआधी ती छताच्या कोपऱ्याकडे बघायची. काही विचारलं की आधी कोपऱ्याकडे, मग आपल्याकडे.

"आगं, हितं न्हाई कॅमेरा," दीपमालाबाई म्हणाल्या.

"व्हय की. सवय लागली, आये," ती म्हणाली आणि हसली. हसून झाल्यावर पुन्हा एकदा कोपऱ्याकडे पाहून घेतलं.

गुरुवारी दुपारी मायलेकी मटार सोलत बसल्या होत्या. सुभेदार आरामखुर्चीत पेपर तोंडावर घेऊन पडले होते आणि पेपराच्या कडेखालून पोरीकडे बघत होते. चार आठवड्यांनी पोर घरात होती. हरली तर हरली, घर भरलं होतं, आणि त्यांना त्या दुपारी मनापासून बरं वाटलं.

३

रविवारी ते टीव्हीसमोर असे बसले की जणू कुणाच्या मातीला आलेत. शिवांजली मात्र मधल्या खोलीतच थांबली. स्वतःला हरताना कोण बघेल.

सूत्रधारानं लिफाफा फोडला, खूप वेळ लावला, आणि नाव वाचलं. दिग्विजय.

दिग्विजय नावाचा तो कराडचा पैलवान पोरगा उठला, सगळ्यांच्या गळ्यात पडला आणि बॅग घेऊन दारातून गेला. मग कॅमेरा शिवांजलीवर आला. ती डोळे पुसत होती. डोळे पुसून तिनं सरळ कॅमेऱ्यात पाहिलं आणि म्हणाली, "सातारकरांनो, तुमी हाय म्हनून मी हाय. आप्पा, हजेरी चालू ठिवा!"

बाहेर वसाहतीत फटाके वाजले. पलीकडच्या घरातले शमशेरभाई, हे सुभेदारांच्याच पलटणीतले निवृत्त नाईक आणि मतांच्या कामातले उजवे हात, गेटवरूनच ओरडले, "सुभेदारसाब, पोरगी वाचली! पेढं काढा पेढं!"

सुभेदारांनी खिडकीतून हात हलवला. आतल्या आत ते हिशेब मांडत होते. मंगळवारी दोघांना काढलं असेल आणि आज एकालाच दाखवलं असेल. असं करतात. मागचं पुढं जोडतात. रेडिओवर संदेश उशिरा आला म्हणून खोटा ठरत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी कार्यालयाच्या नंबरावर फोन लावला. कशिशच बोलली.

"काका, अभिनंदन! शिवांजली जोरात आहे."

"न्हवं, तिला आमच्याकडं कवापर्यंत ठिवायचं ते सांगा. आमी आजून कुणाला सांगितलं न्हाई."

"कुणाला ठेवायचं?"

"शिवांजलीला. तुमीच की मंगळवारी गाडीतनं आणून सोडली."

पलीकडं कागद चाळल्याचा आवाज आला. मग ती फार मऊ आवाजात म्हणाली, "काका, शिवांजली आत आहे. मी मंगळवारी दिवसभर सांगलीतच होते. घरच्यांना आठवण येते, मी समजू शकते. तुमची तब्येत बरी आहे ना?"

सुभेदारांनी फोन ठेवला. बाईचा आवाज तोच होता. किंवा निदान फार वेगळा नव्हता.

४

मंगळवारच्या भागात गोदामाच्या पत्र्यावर गारा कोसळल्या.

एवढा आवाज की आतल्यांचं बोलणं ऐकू येईना. बिनखिडकीचं घर, पण छताचा एक पत्रा वाऱ्यानं उचकटला आणि फटीतून गारा आत पडायला लागल्या. सगळे लहान पोरांसारखे नाचत सुटले. शिवांजलीनं स्टीलचं ताट धरलं, त्यात टणाटण गारा झेलल्या, आणि एक तोंडात टाकून म्हणाली, "आये, तुझ्या फ्रिजापरास थंड हाय बग!"

दीपमालाबाई खुदकन हसल्या. सुभेदार हसले नाहीत. ते उठून पेपरांच्या रद्दीपाशी गेले, शुक्रवारचा अंक काढला आणि पहिल्या पानावरची बातमी पुन्हा वाचली. सांगली शहराला गुरुवारी दुपारी गारपिटीनं झोडपलं. पाच वर्षांनी पहिल्यांदाच.

गुरुवार अधिक पाच, मंगळवार. हिशेब अगदी बरोबर बसत होता आणि तीच तर पंचाईत होती. गुरुवारी दुपारी शिवांजली याच सोफ्यावर मटार सोलत होती.

त्यांनी मधल्या खोलीचं दार ढकललं. ती कॉटवर भिंतीला टेकून बसली होती.

"बाळा, तू भाइर आलीस तवा काय काय झालं ते सांग."

ती कोपऱ्याकडे बघून म्हणाली, "काय न्हाई. नाव घेतलं. बॅग दिली. दार उगडलं. मागं बगायचं न्हाई आसं सांगितलं व्हतं."

"मग?"

"मी न्हाई बगितलं मागं." तिनं ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं. "खरं, आप्पा, मी दारातनं भाइर पाय टाकला आन् आतनं कुनीतरी हाक मारली. शिवा, चल की जेवायला. आमी रोज मारतो तशी."

"तू काय म्हनलीस?"

"मी कुटं. मी भाइर व्हते." ती हळूच म्हणाली. "आतनंच कुनीतरी म्हनलं, आले आले. माझ्यावानीच."

सुभेदारांना त्या क्षणी भीती वाटली. लढाईच्या दिवसांतही वाटली नव्हती अशी. त्यांनी पोरीच्या डोक्यावर हात ठेवला.

५

बुधवारी सकाळच्या एसटीनं ते सांगलीला गेले. दीपमालाबाईंना पेन्शनचं काम सांगितलं.

यार्डाजवळ उतरून रिक्षानं गोदामापर्यंत. भर अकराचं ऊन, हमालांची ये-जा, गुळाच्या ढेपांवर घोंघावणाऱ्या माश्या, सगळं कसं नेहमीचं. गेटवरचा पहारेकरी माजी सैनिकच निघाला. शिवांजलीचे वडील, सुभेदार, म्हटल्यावर त्यानं टाच जुळवली. आत सोडता येणार नाही म्हणाला, पण बाकी मोकळेपणानं बोलला.

"आत किती मानसं?"

"चार, साब."

सुभेदारांनी बोटांवर हिशेब मांडला. दहांतले टीव्हीवर पाच गेलेले, कालच्या मंगळवारी आणखी एक. शिवांजली धरून सात. आत तीनच हवेत.

"तुमची पोरगी लय गुनाची," पहारेकरी म्हणाला. "आमाला आतलं दिसत न्हाई, खरं आवाज येतो. रोज सकाळी त्या मागच्या भिंतीपाशी ईऊन हुभी ऱ्हाती म्हनं. कुनाची तरी वाट बगती."

मागच्या बाजूला गटार होतं आणि त्याला लागून पत्र्याची भिंत. सुभेदार तिकडे गेले. आपण काय करतोय, हे कळत होतं. पन्नाशी ओलांडलेला, अर्धी हयात यंत्रांवर विश्वास ठेवलेला माणूस पत्र्याला कान लावायला निघाला होता. ऊन लागून पत्रा तापला होता. त्यांनी रुमाल मध्ये धरला आणि कान टेकवला.

आधी नुसती घरघर ऐकू आली. पंख्याची असावी. मग अगदी जवळून, पत्र्याच्या जाडीएवढ्या अंतरावरून, कुणीतरी श्वास घेतला.

"आप्पा?"

त्यांनी मधला रुमाल काढला आणि कान नुसत्या पत्र्यावर दाबला.

"आप्पा, ती जेवती का वो नीट?"

"कोन?" सुभेदारांच्या तोंडून कसंबसं निघालं.

"ती. तुमच्यापाशी हाय ती." आवाज शिवांजलीचा. लाडीक, थोडा घोगरा, सर्दी झाल्यावर होतो तसा. धाकट्या बहिणीची चौकशी करावी इतक्या मायेनं ती बोलत होती. "रागं भरू नगा तिला. मी आले की बगते तिच्याकडं."

परतीच्या एसटीत त्यांनी सगळी कारणं लावून पाहिली. ऊन. रक्तदाब. सकाळची चुकलेली गोळी. इस्लामपूर येईपर्यंत त्यांनी स्वतःची बऱ्यापैकी समजूत घातली होती. पण कानाला पत्र्याचा चटका बसला होता तो मात्र हुळहुळत होता, म्हणजे निदान तिथं गेलो होतो एवढं तरी खरं होतं.

६

त्या संध्याकाळी सात वाजता हजेरी घेताना सुभेदारांना आपण काय करायचं ते उमगलं, निदान तसं वाटलं. मतं कमी पडली की गोदामातली बाहेर येणार. बाहेर आली की घरी येणार, आणि ती शिवांजली म्हणून येणार, सगळ्यांसमोर, कॅमेऱ्यासकट. मग मधल्या खोलीतलीनं जायचं कुठं? तेव्हा मतं कमी पडू द्यायची नाहीत. ती तिथंच राहिली पाहिजे.

आजवर कौतुकानं चाललेलं काम त्यांनी आता मोर्चा लढवावा तसं अंगावर घेतलं. कोरेगाव, रहिमतपूर, पार खंडाळ्यापर्यंतच्या माजी सैनिकांचे ग्रुप जोडले. शमशेरभाईंनी रिक्षावर भोंगा लावला. रोजची तेराशे मतं नऊ हजारांवर गेली. लोक म्हणत, बाप असावा तर असा. सुभेदार मान खाली घालून ऐकायचे. रात्रंदिवस जीव टांगणीला लागलेला, जेवण अंगी लागत नव्हतं.

एकदा न राहवून त्यांनी शमशेरभाईंना सांगूनही टाकलं. "शमशेर, पोरगी घरातच हाय रं."

"आवं साब, सगळ्यांच्याच घरात हाय ती आता," शमशेरभाई मनापासून हसले. "आमची आबेदा तर तिला बगितल्याबिगर जेवत न्हाई."

आणि घरात दुसरंच सुरू झालं होतं. दीपमालाबाई टीव्हीवरचीत गुंतत चालल्या होत्या. तसं नवल नव्हतं. टीव्हीतली शिवांजली दिवसेंदिवस खुलत होती. नाचायची, भांडायची, रडायची, आईच्या हातच्या मिरचीच्या खरड्याची आठवण काढायची. मधल्या खोलीतली दोन घास खाऊन ताट सरकवायची. बोलणं कमी कमी होत आता हुं नाहीतर न्हाई एवढ्यावर आलं होतं. अंगावरचा रंगही उतरला होता. झरोक्याच्या उजेडात ती बसलेली असली की आधी कॉट दिसायची, मग ती.

एका भागात टीव्हीतलीनं गोष्ट सांगितली. आप्पांची पोस्टिंग जैसलमेरला होती, ती चार वर्षांची होती, क्वार्टरमधून हरवली. सगळी पलटण शोधत होती, आणि आप्पांना ती पाण्याच्या टँकरखाली झोपलेली सापडली. आप्पा रागावले नाहीत. त्यांनी तिथंच तिच्या शेजारी आडवं होऊन डोळे मिटले.

ही गोष्ट सुभेदारांनी कधी कुणाला सांगितलेली नव्हती. बापानं ड्यूटी सोडून टँकरखाली झोपणं ही काही सांगण्यासारखी गोष्ट नव्हे.

दीपमालाबाई ताडकन उठल्या, मधल्या खोलीच्या दारात गेल्या. "जैसलमेरला काय झालतं गं?"

आतली बराच वेळ कोपऱ्याकडे बघत राहिली. "न्हाई आठवत, आये."

दीपमालाबाई स्वयंपाकघरात जाऊन रडल्या. सुभेदार मागोमाग गेले. "चार वर्षांच्या पोराला काय आठवतं? खरंतर न आठवणंच बरोबर हाय. आठवतंय हेच आक्रीत हाय."

"मला आक्रीत न्हाई वाटत," त्या म्हणाल्या. "माजं लेकरू तिकडं हाय. ही कोन आनून ठिवलीया तुमी घरात?"

"सही करून घेतलीया मी तिला!"

"कागुद कुटाय?"

कागदाची नक्कल सुभेदारांनी घेतलीच नव्हती. बायकोचा राग आला, त्याहून जास्त स्वतःचा आला, कारण तिच्या बोलण्यानं त्यांच्याही मनात पाल चुकचुकली होती. पण त्याच वेळी मधल्या खोलीतून एक अगदी बारीक हुंदका आला. भांडणाऱ्या आईबापांचं ऐकून लहानपणी शिवांजली असाच द्यायची, तोंडावर उशी दाबून.

७

नवव्या आठवड्यात अंतिम फेरी. ती मात्र शिळी नव्हती, रविवारी दुपारी थेट दाखवणार होते. आत दोघंच उरले होते. वसाहतीच्या मैदानात मोठा पडदा लावला होता, पण सुभेदार घरातच बसले.

सूत्रधार म्हणाला, "आता थोड्याच वेळात हे दार कायमचं उघडणार आहे."

तेव्हा कुठं त्यांच्या डोक्यात उजेड पडला. जिंकणाऱ्यालाही बाहेर यायचंच होतं. किती साधी गोष्ट. महिनाभर ते एखादी चौकी धरून ठेवावी तसे मतं धरून बसले होते, आणि चौकी कधीतरी उठते हे त्यांच्या गावीही नव्हतं. मतं पडू दिली असती तर ती एका आठवड्यात चुपचाप, एखाद्या गाडीतून आली असती. कदाचित दाराबाहेर चार शब्द बोलून काही ठरवता आलं असतं. आता ती साऱ्या जिल्ह्याच्या खांद्यावर बसून येणार होती. आणि आणली होती त्यांनीच.

टीव्हीच्या पडद्यावर शिवांजलीचं नाव झळकलं. मैदानातून असा गलका उठला की खिडकीची तावदानं थरथरली. दीपमालाबाई हात जोडून रडत होत्या, आनंदानं.

मधल्या खोलीतून हाक आली. "आप्पा."

ते दाराशी गेले.

"ती येनार आता?"

"उद्या दुपारी."

"मग मी?"

सुभेदार तिच्याजवळ कॉटवर बसले. "मी हाय की," ते म्हणाले. "मी हाय तवर तुला कोन काय करतंय."

तिनं पहिल्यांदाच कोपऱ्याकडे न बघता त्यांच्याकडे पाहिलं आणि मान हलवली. तिचा त्यांच्यावर विश्वास होता. हे सुभेदारांना स्पष्ट दिसलं.

८

मिरवणूक दुपारी चारला वसाहतीत शिरली. पुढं हलग्या, मागं दोन जेसीबी, त्यांच्या वर उचललेल्या बकेटांतून झेंडूच्या पाकळ्या कोसळत होत्या. मध्ये उघडी जीप आणि जीपवर शिवांजली, फेटा बांधलेली. आधीच सगळं ठरवून ठेवलं होतं. सुभेदारांनी मधल्या खोलीची कडी बाहेरून लावली. "लोकं गेली की काडतो," ते दाराला तोंड लावून म्हणाले. "आवाज करू नगंस."

"बरं."

दारात दीपमालाबाईंनी लेकीच्या पायावर पाणी घातलं, भाकरतुकडा ओवाळून टाकला, बोटं कानशिलावर मोडली. सगळी वसाहत बघत होती, निम्म्यांच्या हातात मोबाइल. ती आत आली, सुभेदारांच्या पाया पडली आणि त्यांना मिठी मारली. ते शोधत होते. डोळ्यांत, आवाजात, हाताच्या पकडीत काहीतरी वेगळं सापडेल म्हणून शोधत होते. काहीच वेगळं नव्हतं. केसांना घाम आणि धुळीचा वास, डाव्या भुवईवर लहानपणीची खोक. ती पोर आपली होती, आणि दारामागची पोरही आपली होती, आणि हे दोन्ही त्यांना एकाच वेळी तेवढ्याच खात्रीनं वाटलं.

घर माणसांनी गच्च भरलं. हार, शाली, नारळ ठेवायला जागा उरेना. आबेदाभाभी ओंजळभर हार घेऊन मधल्या खोलीकडे वळल्या. "ह्ये हितं ठिवू का वहिनी?" आणि त्यांनी कडीला हात घातला.

आतून कुणीतरी खोकलं. दाबलेला, बारीक खोकला.

आबेदाभाभींचा हात थांबला. जवळचे चार-सहा जण गप्प झाले. शमशेरभाईंनी दाराकडे बघितलं, मग सुभेदारांकडे. "साब, आत कोन हाय का?"

आता बोलता आलं असतं. सगळे समोर होते, कॅमेरे होते, कडी हातभर अंतरावर होती. फेटा बांधलेली शिवांजली गर्दीतून त्यांच्याकडे बघत होती. तिनं काही केलं नाही. फक्त उत्सुक चेहऱ्यानं वाट बघत राहिली. दीपमालाबाईंनी तिचा हात घट्ट धरला होता आणि त्यांच्या डोळ्यांत अशी विनवणी होती की सुभेदारांना ती सोसवेना.

"कुनी न्हाई," सुभेदार म्हणाले. खणखणीत आवाजात, सगळ्या घराला ऐकू जाईल असं. "कुनी न्हाई आत. मांजर शिरतं झरोक्यातनं."

लोक पुन्हा बोलायला लागले. हार टीव्हीवर ठेवले.

सहाच्या सुमाराला सगळे पांगले. गल्ली मोकळी झाली, जेसीबी गेले, पाकळ्यांवरून एक कुत्रं चालत गेलं. उन्हं अजून होती. दीपमालाबाईंनी गरम भाकरी आणि खरडा वाढला, शिवांजली मांडी घालून जेवायला बसली आणि आईला सांगलीच्या गमती सांगायला लागली. सुभेदार मधल्या खोलीच्या दाराशी खुर्ची टाकून बसले होते.

दारामागून आवाज आला. "आप्पा, गेली का लोकं?"

जेवणारीचा घास हातातच राहिला. ती हसऱ्या तोंडानं बापाकडे बघू लागली. दीपमालाबाई मात्र ताटातच बघत होत्या.

सुभेदारांनी मोकळ्या गल्लीकडे पाहिलं. "न्हाई, बाळा," ते म्हणाले. "आजून हाईत. थांब जरा."

"बरं," आतून आलं.

याला आज अकरा दिवस झाले. सत्कारांना जायचं म्हणून शिवांजली दुपारी घरात नसते, तेव्हा सुभेदार ताट घेऊन जातात, कडी काढतात, दार चार बोटं उघडतात आणि खाली बघत ताट आत सरकवतात. दुसऱ्या दिवशी ताट तसंच असतं. रोज आतून तोच प्रश्न येतो आणि ते रोज तेच उत्तर देतात. रोज आवाज थोडा लांबून येतो, त्या खोलीची लांबी नऊ फूट असूनही.

काल तिनं विचारलंच नाही. सुभेदार बराच वेळ दाराला कान लावून उभे राहिले. बाहेर गल्लीत चिटपाखरू नव्हतं. मग त्यांनी घसा साफ केला आणि आपणहूनच सांगितलं, "आजून हाईत गं. लोकं गेली न्हाईत आजून."